एक तरी गादी

प्रिय धाकटे,

थोरलीचा पोटभर आशीर्वाद. गुडघे कसे आहेत? माझे जागच्या जागी आहेत, उठताना तेवढे बोलतात. भावोजींची सिगरेट खरंच सुटली, की अजून तूच तसं सगळ्यांना सांगत फिरतेस?

मी मात्र फार खुशीत आहे. आपला नातू आदर्शवादी निघाला. वरच्या मजल्यावरच्या हेडमास्तरांनीच सांगितलं (निवृत्त झाले तरी जिन्यात मुलांना रांगेत उभं करतात ते). मला वाटलं काही आजार असेल, म्हणून औषध विचारलं. म्हणाले, औषध नाही, लग्नाने थोडा उतार पडतो.

त्याने गाद्यांचं दुकान टाकलंय. जागा बापाची, आणि बापाची अट अशी की महिनाअखेरपर्यंत एक तरी गादी विकून दाखव, नाहीतर शटर खाली आणि तू माझ्या ऑफिसात. ऑफिसचं नाव काढलं की पोराचं तोंड एवढंसं होतं. पण विकायची म्हणजे कशी, तर याच्या तत्त्वाने. गादी हाताने दाबून कळत नाही, आधी तिच्यावर नीट झोपून बघा, म्हणतो. त्यामुळे दुपारी सगळं दुकान घोरत असतं. शिंपीणबाई येतात, पोस्टमन येतो (चपला बाहेर काढतो, तेवढी रीत आहे त्याला), आणि भिंतीकडची जागा माझी. जाग आली की हा प्रत्येकाला पाणी देतो.

त्यातून कुणी घेतोच म्हणालं, तर हा आधी त्याच्या घरी जाऊन जुनी गादी बघतो. चांगली वस्तू टाकायची कशाला, म्हणतो. सुई-दोरा खिशातच. उसवतो, कापूस पिंजतो, शिवून अंथरून देतो आणि रिकाम्या हाताने परत येतो. लोक तोंडभर आशीर्वाद देतात आणि दुसऱ्या दिवशी दुकानात झोपायला येतात. परवा एक बाई तर हातगाडी घेऊनच आल्या होत्या. याने विचारलं, झोप कधीपासून गेली? त्या म्हणाल्या, सून वेगळी राहायला गेली तेव्हापासून. मग यात गादी काय करणार, असं म्हणून याने त्यांना त्याच हातगाडीवर बसवून सुनेकडे पाठवलं. आता त्या तिथेच असतात, सुनेच्या जुन्या गादीवर गाढ झोपतात.

रात्री जेवताना बाप म्हणाला, "अरे, हे दुकान आहे की धर्मशाळा?"

"बाबा, ज्याला खरंच लागेल त्यालाच विकायची."

"आणि तो जन्माला कधी येणार?"

नातू म्हणाला, येईल. मला इतकं भरून आलं की आमटी दोनदा वाढून घेतली. अगं, आपल्या घराण्यात इतकं सरळ कुणीच नव्हतं. तू नाहीस, मी तर नाहीच.

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझी थोरली

ता. क. महिना संपत आलाय. तू ये आणि एक गादी घे. पण तो तुझी जुनी बघायला येणार, तेव्हा ती आधी कात्रीने चांगली फाडून ठेव आणि मांजराचं नाव सांग. मांजर नसेल तर शेजारणीचं आण.

आणखी एक. कात्रीने भागणार नाही. मी माझी फाडली होती, त्याने शिवली, आता पहिल्याहून मऊ लागते. आणि काल बघते तर याच्या बापाचीही गादी फाटलेली. सून म्हणते, उंदीर. पट्टी ठेवून कापल्यासारखं कापणारा उंदीर मी तरी पाहिला नाही. नातवाने तीही शिवायला घेतली, आणि हा अट घालणारा बाप शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होता. माझ्याकडे बघेना. आता मला कळलं आदर्शवादी म्हणजे काय ते. त्याला खोटं बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वाटचं सगळ्या घराला बोलावं लागतं. तुला तर भावोजींमुळे सवय आहेच. तेव्हा तुझी गादी सरळ जाळ.