सुलाबाईच्या दारातला नेपच्यून

२१ फेब्रुवारी २०२५
वहीबाई, काल काय सांगितलं ते विसरलीस ना? तुझ्याकडून दुसरी अपेक्षा नव्हती. पुन्हा सांगते. पायल, लिही गं — आणि माझं बोलणं फार गुळगुळीत करू नकोस.
नातीच्या, म्हणजे ह्या पायलच्याच, शाळेत सूर्यमाला मांडायची आहे. सूर्य म्हणजे नारळ, पृथ्वी म्हणजे मोहरी. सर म्हणतात, सगळं टेबलावर मावलं पाहिजे. मावेल की. सरांचं सगळं ज्ञान मावतं तिथं! पायलनं गणित केलं — मोहरी नारळापासून पंधरा मीटर लांब हवी. सरांनी वीतभरावर ठेवली होती. पृथ्वी एवढी जवळ असती तर आपण कधीच करपलो असतो, सरांसकट.

२३ फेब्रुवारी
सरांनी हार मानली. आता रस्त्यानं खांब रोवून एकेकावर एकेक ग्रह लावायचा. शेवटचा नेपच्यून, मटकीचा दाणा, साडेचारशे मीटरवर. पोरांनी शाळेपासून टेप लावत नेला, तो थेट माझ्या धाकट्या जावेच्या, सुलाच्या अंगणात संपला. साऱ्या आकाशाला दुसरी जागा मिळाली नाही!
तिच्याशी मी बोलत नाही. पायलच्या बापाच्या लग्नात तिनं मला मानाचं म्हणून जे पातळ नेसवलं, त्यातून चहा गाळता आला असता. वर चारचौघींत म्हणाली, "आक्कांना कुठं कळतंय कापडातलं?"

२४ फेब्रुवारी
पायलला म्हटलं, नेपच्यून हलव. ती म्हणाली, "आज्जी, दिशा कुठलीबी चालती. सगळे सूर्याभोवती फिरत्यात. अंतर तेवढं बदलायचं न्हाई."
मग काय! बिरोबाच्या देवळाकडे वळवायला सांगितलं. अंतर तेवढंच, आणि सुलाचं अंगण सुटलं. दुपारी पोटभर जेवले.

२६ फेब्रुवारी
बेत बदलल्याचं सांगायला पायल तिकडे गेली, ती तोंड पाडून आली. सुलानं अंगणाचा कोपरा सारवून ठेवलाय. भोवती रांगोळी. पोरं बघायला येतील म्हणून घोंगडं अंथरलंय. मुलगा मुंबईला, दारात कुत्रं फिरकत नाही — आणि ही बाई मटकीच्या दाण्याची वाट बघतेय. अक्कल कधी नव्हतीच.
पायल निरोप न देताच निघाली म्हणे. सुलानं एवढंच विचारलं, "तुझी आज्जी येतीया का बघायला?"

२७ फेब्रुवारी
पायल, नेपच्यून सुलाच्याच दारात रोव. दिशा कुठलीबी चालती ना?
आणि जाताना हुलग्याचं माडगं घेऊन जा, नुसतं प्यायचं असतं, तिला दात राहिले नसतील. किटली तिनं दिलेल्या त्याच पातळात गुंडाळ, गरम राहील. गूळ जास्त घाल. तिला कुठं कळतंय चवीतलं.