होडी ओढायला किती घोडे?

१४ मे, सकाळी
निर्णय पक्का. या वर्षी महादला हाक मारणार नाही.

का, ते एकदाच लिहून ठेवतो. खरीफ, म्हणजे आमचा पावसाळी वारा, लागला की समुद्र तीन महिने बंद. त्याआधी प्रत्येक होडी खालच्या वाळूतून, चढ चढवून, वरच्या माळावर न्यायची. खाली राहिली तर लाटा तिचे तुकडे करतात. आणि गावाची रीत अशी, की होडी ज्या घराची त्या घरातल्या माणसानं होडीच्या तोंडाशी उभं राहून, बापाच्या नावासकट नाव घेऊन हाक मारायची: अमक्या, अमक्याच्या मुला, हात दे! हाक आली की जेवणारा माणूस ताटावरून उठतो. हाक नाही आली तर डोळ्यांदेखत होडी फुटली तरी कोणी हात लावत नाही. न बोलावता लावला तर तो मालकाचा अपमान.

सगळ्यांची पहिली हाक महादला, कारण दोर त्याच्या जीपला बांधायचा असतो. महाद म्हणजे माझ्या बायकोचा, तुफूलचा, धाकटा भाऊ. जीप त्याच्या वडिलांच्या वेळची. एक दार तारेनं बांधलेलं. गेल्या वर्षी मी हाक मारली तर हा सगळ्यात शेवटी आला आणि गावासमोर म्हणाला, अबू हैथम, तुम्ही दोराला हात लावू नका. तुम्ही बाजूला बसून हिशेब करा, होडी लाजून आपोआप चढेल. लोक हसले. तुफूलही हसली. ती खोकली असं नंतर म्हणाली.

आता स्वतःची गाडी. स्वतःची होडी. कोणाचा दोर नाही.

१५ मे
हिशेब केला. होडी, तिची दोन इंजिनं, जाळी, ट्रेलर धरून तीन टन. वाळूचा अडथळा, चढाचा कोन, वर थोडी सूट. उत्तर: किमान अडीचशे हॉर्सपॉवर.

महादची जीप फार तर एकशे तीस. म्हणजे शास्त्राप्रमाणे त्या जीपनं आजवर एकही होडी वर नेलेली नाही. हे तुफूलला दाखवलं. ती म्हणाली, मग गेल्या वर्षी माळावर काय उडत गेल्या? तिला टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, समजावून सांगितला. ती मध्येच पीठ मळायला उठली.

मी शाळा पाचवीत सोडली. पण पाणीखात्याचे पंप मी चालवले, आणि त्यांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं शब्दकोश मांडीवर घेऊन वाचली. पदवीवाले इंजिनियर फोन करून मला विचारायचे. निदान एकदा विचारलं होतं.

१६ मे
तुफूल सकाळी सहज म्हणून म्हणाली, की खात्यातून मुदतीआधी निवृत्त झालात ते या होडीच्या भरवशावर. शेवंड आणि सुरमई यांवर आपली चूल पेटते. होडीला काही झालं तर मी भावाच्या दारात जाणार नाही, हे आत्ताच सांगते. मी म्हणालो, मीही नाही. यावर ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

२० मे
सलाला शहरात गेलो. तम्मामच्या अंगणात जुन्या गाड्या उभ्या असतात. तम्माम स्वतः खुर्चीवरून उठत नाही, गिऱ्हाईकच फिरतं. मी कागद काढून अडीचशेचा आकडा सांगितला. तो म्हणाला, चाचा, काय ओढायचंय, मशीद?

पांढरी, उंच, सात माणसांची गाडी. दोनशे ऐंशी हॉर्सपॉवर! छताला काच. आपली जुनी कार बदल्यात दिली. येताना घाटात एकदाही दुसऱ्या गियरची आठवण आली नाही. तिला हातानं बदलायचे गियरच नाहीत म्हणा.

तुफूल आत बसली, वर काचेतून आभाळाकडे बघितलं आणि म्हणाली, मासे कुठे ठेवायचे?

२३ मे
चाचणी. ट्रेलर लावायला गाडीला मागे हुक नाही. हुक बसवायला खाली लोखंडही नाही, सगळं प्लास्टिक. तात्पुरता दोर बांधला. नुसत्या रिकाम्या ट्रेलरला ओढताना पुढची दोन चाकं जागच्या जागी फिरली आणि मागची दोन शांतपणे बघत बसली.

शेजारचा मबखूत जाळं विणत बसला होता. त्यानं विचारलं, अबू हैथम, ही चार पायांची आहे की दोन पायांची? मी म्हणालो, हे प्राथमिक निरीक्षण चालू आहे. तो म्हणाला, चालू द्या, आमचं जाळं अजून बरंच बाकी आहे.

प्लास्टिकचा एक मोठा तुकडा वाळूत सापडला. कोणाचा ते कळत नाही.

२९ मे
पांढरी परत केली. तम्माम म्हणाला, चाचा, घोडे मोजलेत, ते कोणत्या पायांनी पळतात ते नाही विचारलंत. आता चारही चाकं ओढणारा डिझेल पिकअप आणलाय. हुक पक्का. घोडे कमी, एकशे साठ. पण टॉर्क पाहता अडीचशेच्या तोडीचे. हिशेब थोडा सुधारून घेतला.

ट्रेलर लावून मिरबातपर्यंत गेलो नि आलो. अप्रतिम! मागे ट्रेलर आहे हे कळतसुद्धा नव्हतं. (परतीच्या अर्ध्या वाटेवर तो खरोखरच मागे नव्हता. हुकाची खिळी मी घातली होती. बहुतेक घातली होती. एका उंटवाल्यानं सांभाळून ठेवला.)

२ जून
समुद्राचा आवाज बदलला. पाणी हिरवट झालंय. मबखूतनं आज हाक मारली आणि दुपारच्या आत त्याची होडी वर. शार्कच्या तेलानं माखलेले ओंडके, जीप पुढे, माणसं दोन्ही बाजूंना, ओरडा, गाणी. मी दुरून अभ्यास केला. पद्धत अत्यंत अशास्त्रीय.

तिकडे सगळे गुंतलेले पाहून मी पिकअपला होडी लावली. ट्रेलरवर चढवेपर्यंत ठीक. मग वाळू. क्लच दाबला, सोडला, दाबला. धूर आला. वास थेट माळापर्यंत गेला असणार, कारण गाणी थांबली.

होडी हातभर सरकली. खालच्या बाजूला.

५ जून
झोप नाही. किनाऱ्यावर आता पाचच होड्या. काल नऊ होत्या. भरतीचं पाणी ट्रेलरच्या चाकांना लागून जातं. मी तिथे दगडांची रांग लावली, पाणी कुठवर येतं ते कळावं म्हणून. सकाळी दगड नव्हते.

अडेल सांडणीसारखा पिकअप कसाबसा हाकत तम्मामकडे नेला. तो पहिल्यांदा खुर्चीवरून उठला. म्हणाला, चाचा, तुमच्या गावात एक महाद आहे ना, त्याला का नाही सांगत? सलालापर्यंत हा विषय कसा पोचतो?

मी म्हणालो, मला घोडे हवेत. खरे. मोजून. तो मला अंगणाच्या मागे घेऊन गेला.

६ जून
साडेतीनशेहून जास्त! आठ सिलिंडर. अमेरिकन, काळी, आमच्या न्हाणीघरापेक्षा मोठी. चारही चाकं ओढतात, हुक मुठीएवढा. तम्माम म्हणाला, हिला डोंगर बांधा, डोंगर येईल. पूर्वीच्या दोन गाड्या ही चूक नव्हती, ते टप्पे होते.

गावात शिरलो तेव्हा मुद्दाम जीपसमोरून गेलो. महाद बॉनेटवर बसून दात कोरत होता. त्यानं हात वर केला. मीही केला, पण काच बंद होती आणि काळी होती. त्याला दिसला नसणार.

७ जून
वारा फार. चाचणी पुढे ढकलली. तीन होड्या उरल्या.

८ जून, पहाटे
किनाऱ्यावर कोणी नव्हतं म्हणून होडीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. सहज. घसा तपासून पाहावा म्हटलं. “म” एवढं आलं. मग काहीच नाही. समुद्राच्या दमट हवेनं घसा बसलाय. लवंग चघळली.

आज एकच होडी उरली आहे. आपली.

९ जून
आज.

सगळं गाव माळाच्या काठावर बसलं होतं, जसं कोणाच्या तरी लग्नाला बसतात. चहाची किटली आणली होती. मी होडी ट्रेलरवर घेतली, हुक लावला, खिळी दोनदा तपासली. पाणी घोट्याला लागत होतं. इंजिन सुरू केलं तेव्हा माळावरचे कावळे उडाले. एवढी ताकद मी आयुष्यात पायाखाली धरली नव्हती.

वरून महाद ओरडला, चाकांची हवा काढा! अर्धी काढा, वाळूवर पसरू देत! हाक मारलेली नसताना नुसतं ओरडणंही रीतीत बसतं का, हा प्रश्न आहे. गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला छापलेला हवेचा आकडा मी वाचला होता: पस्तीस. ज्यांनी गाडी बनवली त्यांना जास्त कळतं की ज्याचं दार तारेनं बांधलंय त्याला? मी छत्तीस भरली होती.

पाय दाबला. साडेतीनशे घोडे एकदम जागे झाले आणि सगळ्यांनी मिळून एक विहीर खणली. चारही चाकं एकाच वेळी खाली गेली, अगदी समान. गाडीचं पोट वाळूला टेकलं. दार उघडताना वाळू आत आली.

दोष वाळूचा. ती भुसभुशीत आहे हे मान्य, पण इतकी असेल असं कुठल्याच पुस्तकात नाही.

कोणी हसलं नाही. किटली तशीच राहिली. महाद उभा राहिला होता; दोन पावलं खाली आला आणि थांबला. माझ्याकडे बघत होता. सगळेच माझ्याकडे बघत होते. एक शब्द टाकायचा होता. मी होडी जाड दोरानं गाडीच्या हुकाला घट्ट बांधली, म्हणजे रात्रीच्या भरतीत ती वाहून जाणार नाही. अडीच-तीन टनांची गाडी, रुतलेली. यापेक्षा पक्का खुंटा जगात नाही. मग मान ताठ ठेवून घरी आलो.

तुफूलनं ताट वाढलं. तिनंही खाल्लं नाही.

१० जून, पहाटे
गाडी होडी ओढू शकली नाही, पण होडी गाडीला ओढू शकते.

लाटा कमरेएवढ्या. होडी ट्रेलरवरून तरंगून सुटली आणि दोर ताणून हिसके देते आहे. प्रत्येक लाट परतताना गाडी वाळूच्या विहिरीतून थोडी थोडी समुद्राकडे निघते. हेडलाइट आपोआप लागले आहेत. होडीचं एक इंजिन तुटून गेलं. दोर कापावा तर होडी जाते. न कापावा तर दोन्ही जातात. चाकू शेजारी ठेवून वाळूवर बसलो आहे. हे गुडघ्यावर वही ठेवून लिहितो आहे, कारण दुसरं काय करावं ते सुचत नाही. या स्थितीसाठी हिशेब नाही.

१० जून, दुपारी
लिहितो. घडलं तसं.

माझ्या शेजारून कोणीतरी पाण्यात शिरलं. तुफूल. अंगावरचा अबाया छातीपर्यंत भिजलेला, एक हात होडीच्या तोंडावर. तिनं माझ्याकडे पाहिलं, वाट पाहिली. एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली. मग माळाकडे तोंड करून ओरडली. महाद, सुहैलच्या मुला, हात दे! मग मबखूत, त्याच्या बापाच्या नावासकट. मग एकेक करून सगळे. कोणाच्याही बापाचं नाव चुकलं नाही. इतक्या वर्षांत तिचा आवाज एवढा मोठा आहे हे मला ठाऊक नव्हतं. न्हाणीघराच्या दारावरून ओरडते त्याहून मोठा.

जीप क्षणात आली. इतक्या लवकर कशी, असं मी नंतर विचारलं. मबखूत म्हणाला, पहाटेपासून इंजिन चालूच होतं त्याचं, आत बसून होता, कान बाहेर. डिझेलची केवढी नासाडी.

चाकांची हवा फुस्स करून सोडली. ओंडके, तेल, दोर. चाळीसएक माणसं. मलाही दोर मिळाला, शेवटून दुसरा. होडी वर गेली. एका कुशीला चीर आहे, एक इंजिन नाही, पण ती वर आहे. माळावर. तुफूल तिला टेकून खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

पुढच्या मोसमात एका इंजिनावर किती मासळी येईल याचा हिशेब करायला घेतला होता. वही मिटली.

११ जून
होडी वर. गाडी खाली. पाणी खिडकीपर्यंत.

हाक होडीसाठी होती. गाडीसाठी कोणी मारलेली नाही, म्हणून कोणी हात लावत नाही. गाव पुन्हा काठावर बसलंय, पण आज किटली नाही. तुफूल म्हणाली, ही हाक माझी नाही.

खाली गेलो. गाडीच्या तोंडाशी उभा राहिलो. महादला केवळ परिस्थितीची माहिती द्यावी असा विचार होता. तोंड उघडलं आणि हाक निघालीच: महाद, सुहैलच्या मुला, हात दे. फार मोठ्यानं नाही. तो पहिल्या शब्दालाच उठला होता.

त्यानं मला आत बसवलं. म्हणाला, अबू हैथम, इंजिनाला हात लावू नका, ते गेलंय. चाकं सरळ धरा. बाकी काही करू नका.

त्याआधी हवा आम्ही दोघांनी काढली होती. दोन चाकं त्यानं, दोन मी.

जीपनं ताण घेतला. गाडी हलली नाही. दोर तुटला. दुसरा बांधला, जाड. जीप थरथरली, मागून माणसांनी लोटलं, तोही तुटला. मी खिडकीतून सांगितलं की दोराची जाडी मुळातच चुकीची निवडली आहे. महाद जीपमधून उतरला, कमरेएवढ्या पाण्यातून चालत माझ्या खिडकीशी आला आणि वाकून आत, खाली बघितलं.

माझा पाय ब्रेकवर होता. पूर्ण दाबलेला. पहिल्यापासून असावा.

तो हसेल म्हणून मी थांबलो. हसला नाही. वर माळाकडेही बघितलं नाही. हात आत घातला, आणि माझा गुडघा हळूच बाजूला केला.