पांढरा पट्टा रुंद का?

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? मुलांच्या परीक्षा आटोपल्या असतील. तीन वर्षांनी माझं अक्षर पाहून तू पाकीट फोडशील की नाही कोण जाणे, म्हणून पत्ता मुद्दाम छापील अक्षरांत घातलाय.

एक गोष्ट आईला विचारून कळव. आपल्या या छोट्या देशाच्या झेंड्यातला मधला पांढरा पट्टा बाकी दोघांपेक्षा रुंद का?

हसू नकोस. पुस्तकातलं उत्तर मलाही पाठ आहे. निळा म्हणजे समुद्र, पिवळा म्हणजे पीक, पांढरा म्हणजे शांतता, आणि शांतता सगळ्यांत मोठी. तुलाही वर्गात हेच शिकवावं लागतं.

पण स्वातंत्र्याच्या दिवशी फडकलेला तो पहिला झेंडा गेल्या महिन्यात संग्रहालयात माझ्या टेबलावर आला. जुनं कापड दुरुस्त करणं हे माझं रोजचंच काम, तरी याला हात लावण्याआधी दोनदा हात धुतले. निळ्या-पांढऱ्याची शिवण विरली होती, ती उसवली. आत दुमडलेल्या निळ्या कापडावर करपल्याचा डाग! निळा पट्टा चार बोटं कापलाय. जोडी जुळावी म्हणून पिवळाही तेवढाच. कमी पडलेली जागा पांढऱ्यानं भरून काढलीय.

म्हणजे रुंदी आधी, अर्थ मागून! दोन दिवस मला दुसरं काही सुचेना. कागदपत्रं धुंडाळली. मूळ आराखड्यात तिन्ही पट्टे सारखे. बदलाची नोंद कुठेच नाही. नंतरचे सगळे झेंडे मात्र याच मापानं शिवलेत.

आणि टाके उलट्या बाजूला कललेले आहेत, डावखुऱ्या हाताचे. आईनं शिवलेल्या माझ्या शाळेच्या झग्याला असेच होते रे.

"पांढरा पट्टा मी रुंद केला," आई एवढंच म्हणायची. तू खरं मानलंस. मी हसण्यावारी नेलं.

नुसतं हसले असते तर बरं होतं. तीन वर्षांपूर्वी आमचे एक अभ्यासक हेच आईला विचारायला घरी आले होते. मी नुकतीच विभागप्रमुख झाले होते. शिवणखात्यातल्या बाईची मुलगी आता झेंड्यावर हक्क सांगते, असं लोक म्हणतील याची मला धास्ती. मी त्यांना दारातच म्हणाले, "तिला काहीबाही भास होतात, मनावर घेऊ नका." आई आत भाजी निवडत होती. आठवड्याभरात ती तुझ्याकडे राहायला आली. मी तिला घालवलं असं तू म्हणालास आणि मी ते साफ नाकारून तुझ्याशी कडाडून भांडले. तुझंच खरं होतं.

अहवालात मी आता सगळं लिहिलंय, आईच्या नावासकट. संचालकांना तिच्या तोंडून ऐकायचंय. ती नाही म्हणाली तरी चालेल. पण हे पत्र तिला वाचून दाखव, माझ्या त्या दारातल्या वाक्यासकट.

तुझ्याशी खोटं बोललेली,
धाकटी

ता. १७ मार्च

चि. धाकटीस,
पाकीट तुझ्या वहिनीनं फोडलं, म्हणून वाचलं गेलं. आईला सगळं वाचून दाखवलं. त्या वाक्यापाशी मी अडखळलो, तर म्हणाली, "पुढे वाच. ते मी तेव्हाच ऐकलंय."

मग एकदम, "डाग अजून दिसतो?" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

झालं ते असं. झेंडा दुपारपर्यंत द्यायचा होता आणि निळं कापड तेवढंच होतं. शेवटची इस्त्री फिरत असताना मेजाखालच्या टोपलीत तू रडायला लागलीस. चार महिन्यांची होतीस. इस्त्री निळ्या पट्ट्यावर तशीच टेकवून आई खाली वाकली. मग काय, कापाकापी! खात्यातल्या मोठ्या बाईंनी पाहिलं, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "कुणी विचारलं तर सांग, शांतता मोठी असते."

"इतकी वर्षं हे का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"पोरीच्या जिवाला लागलं असतं."

तुमच्या संचालकांशी ती बोलेल. पण आधी तिला झेंडा जवळून बघायचाय. तो फडकला त्या दिवशी शिवणाऱ्या बायकांना मैदानात घेतलंच नव्हतं.

रविवारी सकाळच्या बसनं तिला घेऊन येतो. मी लगेच तुझ्याशी बोलेन असं नाही. पण जेवायला थांबेन.

तुझा,
दादा