बसणाऱ्याची जागा

हसनाबाद
११ जानेवारी २००३

प्रिय कौसल्या,

आज गावचा बाजार होता. सकाळी उठलो, पाणी तापवलं, आंघोळ केली. कालची अर्धी भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. ऊन वर आल्यावर पिशवी घेऊन बाजाराला गेलो. मेथीची एक जुडी, थोड्या मिरच्या आणि मीठ घेऊन परत आलो. जरा पडलो, पण झोप लागली नाही. आता ऊन ओसरीच्या कडेला आलं आहे आणि मी लिहायला बसलो आहे.

वर नाव लिहिण्यातच बराच वेळ गेला. आजवर तुला पत्र लिहिताना 'चि. सौ. कौसल्या' असं लिहीत आलो. त्यातलं 'सौ.' आता लिहिता येत नाही. सरकारी कागदावर 'श्रीमती' लिहितात, ते माझ्या हातून उतरेना. नुसतं 'चि.' लिहून पाहिलं तर मधून कुणी काही काढून नेल्यासारखं दिसायला लागलं. मग 'प्रिय' लिहिलं. आपल्यात सासरा सुनेला असं लिहीत नाही. तू समजून घे.

तुझं पत्र गेल्या महिन्यात आलं. त्यासोबत चौथ्या प्रकरणाची टाइप केलेली पानंही आली. मच्छिंद्रचं पुस्तक तयार झालं आहे, मार्चमध्ये वर्षश्राद्धाच्या दिवशी ते बाहेर काढायचं, वर नाव फक्त त्याचं घालायचं आणि आत पहिल्या पानावर त्याचा फोटो द्यायचा, असं तू लिहिलंस. ओसरीतला कोटातला फोटो मागितलास. मी उत्तर दिलं नाही. पत्र पोचलं नसेल असं तुला वाटलं असेल. पोचलं होतं. फोटो त्याच दिवशी भिंतीवरून काढला, काच पुसली, वर्तमानपत्रात गुंडाळून वरून सुतळी बांधली. तो तसाच कपाटावर पडून आहे. त्याच पत्रात अगदी शेवटी, माझ्या गुडघ्यांची चौकशी झाल्यावर, तू एक ओळ लिहिलीस. पीएच.डी. नसेल तर जूनपासून तास देता येणार नाहीत, असं कॉलेजने तुला सांगितलं आहे. बाकीच्या पत्रापेक्षा ती ओळ मी जास्त वेळा वाचली. त्याचं नाव कुठेतरी राहिलं पाहिजे, असंही तू लिहिलं आहेस. बापाला याहून वेगळं काय हवं असणार. म्हणूनच उत्तराला उशीर झाला.

तुमच्या विषयातलं मला फार कळत नाही. माझी नोकरी अंकुशनगरला कारखान्याच्या काट्यावर गेली. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, मधला ऊस. मच्छिंद्रने चार-पाचशे वर्षांपूर्वीच्या बाजारांवर पीएच.डी. करायची म्हटलं तेव्हा मी त्याला विचारलं होतं की त्या बाजारात आता काय मिळतं. तो हसला. पण मग ओसरीवर बसून त्याने मला सगळं सांगितलं. देवगिरीच्या पेठेत कुठून कापड यायचं, कोणत्या घाटाने बैल उतरायचे, जकात कुठे घ्यायचे, पेठेचे शेटे म्हणजे बाजाराचे प्रमुख कोण असत आणि कोणी कुठे बसायचं ते कसं ठरायचं. हे शेवटचं मला पटकन कळलं, कारण आमच्या काट्यावर गाडीवानांची निम्मी भांडणं रांगेतल्या जागेवरूनच होत.

तू घरात आलीस तेव्हा त्यानेच मला सांगितलं होतं की एम.ए.ला हिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त आहेत. दोघांनी एकाच सरांकडे नाव नोंदवलं होतं. मोडी तू शिकलीस, त्याला त्याचा कंटाळा होता. जुने कागद तू वाचून द्यायचीस आणि तो टिपून घ्यायचा. मग त्याला जालन्यात नोकरी लागली, बिऱ्हाड झालं, तू तासावर शिकवायला लागलीस आणि तुझं काम मागे राहिलं. सोड असं तुला कुणी म्हटलं नाही. धर असंही कुणी म्हटलं नाही.

सुट्टीत तुम्ही दोघं इथे यायचात तो काळ या पानांमुळे फार आठवला. चांगुणाबाई वारली ते वर्ष तुझ्या लक्षात असेलच. बाजारात लिंबाखाली मिरच्या घेऊन बसायची ती. ती गेल्यावर पुढच्या बाजाराला तिची जागा मोकळी होती. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आपली पथारी तिकडे सरकवली नाही. कुणी सांगितलं नव्हतं, तरी लोक तेवढा तुकडा ओलांडून जात होते. त्यानंतर काही बाजारांनी तिची सून बेबीनंदा तिथे येऊन बसली. तू उन्हातान्हात जाऊन हे बघून आलीस आणि त्यावरून ओसरीवर तुमचं भांडण जुंपलं. मच्छिंद्र म्हणे, पेठेतली बैठक घराण्याची असते, पिढीजात, बापाची जागा लेकाला. त्याच्याकडे तसे कागद होते. त्यात कुणी तक्रार केली होती की माझा आजा इथे बसला, बाप बसला, आता माझी जागा दुसऱ्याने घेतली. त्यावर तू म्हणालीस, "ज्याची जागा गेली तोच कागद करतो. जो बसलेला आहे तो कशाला कागद करील? त्यांचे कागद झालेच नाहीत म्हणून ते तुम्हाला दिसत नाहीत. जागा बसणाऱ्याची." तो चिडून म्हणाला, "मग काय, नसलेल्या कागदावर थिसिस लिहू?" तेव्हा मच्छिंद्रची आई आतून म्हणाली, "मेलेल्या लोकायच्या बाजारावरून भांडून राह्यले, अन् इथं घरात मीठ न्हाई. उठा, कुनीतरी जित्त्या बाजारात जा." तुम्ही दोघंही हसत उठलात. मीठ आणायला गेलात आणि वाटेत भांडत गेलात, म्हणून मीठ न घेताच परत आलात.

त्याची आई गेली आणि पुढच्याच वर्षी त्याच्या किडन्यांचं निघालं. तिला हे बघावं लागलं नाही. बरं झालं असं म्हणवत नाही, पण कधीकधी मनात येतं. औरंगाबादला डायलिसिसला जाताना काही वेळा मी सोबत असायचो. तो यंत्राला लावलेला असे आणि तू बाजूच्या स्टुलावर मांडीवर पॅड धरून लिहीत असायचीस. पान झालं की त्याला वाचून दाखवायचीस. त्याचे डोळे मिटलेले असत, झोपला आहे असं वाटे आणि मध्येच म्हणे, "कागद दाखव." तू पुढे वाचायचीस, की पुन्हा, "कागद कुठंय?" शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं की दवाखान्याच्या बिलाचा कागद मागतो आहे. शेवटच्या दिवाळीला तू पाणी आणायला गेलीस तेव्हा तो मला म्हणाला, "आबा, हिला समजावून सांगायची आता ताकद न्हाई. बरा झालो का बघतो हिच्याकडं." हे मी तुला आधी सांगितलं नव्हतं. त्याचा चेहरा तेव्हा चांगला दिसत होता.

तू पाठवलेली पानं मी महिनाभर थोडी थोडी वाचली. काही शब्द अडले ते सोडून दिले. 'पेठेतील बैठकीचा हक्क' असं वर लिहिलं आहे. वाचताना मी त्याला शोधत होतो. वाटा आणि जकातीची पहिली दोन प्रकरणं त्याची, ती त्याने हाताने लिहिताना मी पाहिली आहेत. या पानांत मात्र तो मला फक्त एका ठिकाणी सापडला, जिथे घराण्याच्या हक्काचे कागद दिले आहेत. त्याच्या पुढच्याच ओळीपासून ते सगळं खोडून काढलं आहे. ज्याची जागा गेली तोच कागद करतो, हे तिथे छापण्यासारख्या भाषेत लिहिलं आहे, पण आवाज तुझाच आहे. मी तो ओसरीवर ऐकला आहे.

म्हणून आज बाजारात गेलो. तो गेल्यापासून गेलो नव्हतो. आपल्याकडे रीत आहे की दुखवट्यातल्या माणसाला पहिल्या बाजाराला सोयऱ्याने हाताला धरून न्यायचं, तोवर त्याने आपण होऊन जायचं नाही. तेराव्यानंतर त्याचे मामा अप्पाराव मला न्यायला आले होते. गुडघे दुखतात म्हणून मी त्यांना परत पाठवलं. नंतरही एकदा आले, तेव्हाही तेच सांगितलं. मग ते आले नाहीत. शेजारचे लोक भाजी आणून देत होते, त्यावर भागत होतं. तुला तर कुणी नेलंच नाही, घरात काही उरलं नाही तेव्हा तू एकटीच गेलीस, हे तू मागे सांगितलं होतंस.

संक्रांतीचा बाजार असल्याने गर्दी होती. सुगडं, बोरं, गाजरं, हरभऱ्याचे डहाळे. बांगड्यांच्या बाजूला मी गेलो नाही. तीळ घेतले नाहीत, यंदा घरात सण नाही. लिंबाजवळ आलो तर शेजारी दोर-कासरे विकणारा कडूबा म्हणाला, "लई दिसानं आले तातेरावभाऊ. आमाला वाटलं जालन्यालाच राहून राह्यले." मी त्याला म्हटलं, चांगुणाबाईची जागा हीच ना. तर तो म्हणाला, "कोन चांगुणाबाई?" मग थोड्या वेळाने आठवून म्हणाला, "हां, ती म्हातारी. आता बेबीनंदाची जागा हाय ती. बिलकुल." चांगुणाबाई त्याच्या शेजारी किती वर्षं बसली असेल. मला तिथे उभं राहवेना, पण बेबीनंदाने ओळखलं होतं, म्हणून मिरच्या घेतल्या. तिने तुझी चौकशी केली. म्हणाली, "वैनी येत न्हाईत का आता? लई इचारायच्या. मला म्हनल्या, तुला इथं कुनी बसवलं? मी म्हनलं, कुनी बसवतं का बाई? मीच बसले. सासूचं नाव सांगून मिरच्या थोड्याच इकत्यात." एवढं बोलून ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. घरी येताना मीठ आठवलं आणि अर्ध्या वाटेवरून परत फिरलो.

तर कौसल्या, फोटो मी पाठवत नाही. हे सांगायलाच हे पत्र लिहिलं, आणि इथवर यायला एवढं लांबलं. पुस्तकावर तुझं नाव घाल. छापण्याच्या आधी ते तुझा प्रबंध म्हणून दे, तुमच्या सरांना भेट, नोंदणी बंद पडली असेल तर नव्याने कर. दोन प्रकरणं त्याची आहेत, ती त्याची म्हणूनच लिही, ते खरं आहे आणि तेवढं मला पुरे. पण बैठकीचं प्रकरण त्याच्या नावावर घालू नकोस. ते त्याने शेवटपर्यंत मानलं नव्हतं. तो समोर नसताना त्याच्याच तोंडून त्याला हरवायचं, हे मला बरं वाटत नाही. हरवायचं तर तुझ्या नावाने हरव. तो असता तर चिडला असता आणि सगळ्यांना दाखवत फिरला असता. पुढे कधीतरी कुणी 'कोण मच्छिंद्र' असं विचारील. ते ऐकायला मी नसावं असं वाटतं, पण म्हणून तू रिकाम्या जागेशेजारी बसून राहावंस असं मला वाटत नाही. वर्षश्राद्धाला ये. पुस्तक नसलं तरी चालेल. मी आत्ताच फोटोची सुतळी सोडली आहे, पत्र पुरं झालं की तो खिळ्याला लावतो. मग मेथी निवडायला बसेन. कोवळ्या काड्या टाकायच्या नसतात हे तू मागे सांगितलं होतंस, ते लक्षात आहे. जुडी एका माणसाला जास्तच होते, पण अर्धी कुणी देत नाही.

तुझे,
मामा