परवानगीचा विषय

प्रिय प्रणोती,

गुडघ्याची चौकशी केलीस, तर ऐक: गुडघा ठणठणीत आहे. कालच इथल्या सदर बाजारात पायी जाऊन खोव्याची जिलबी खाऊन आलो, मामीला न सांगता. म्हणजे गुडघ्यामुळे तुझ्या लग्नाला येणं जमणार नाही, असं जे कळवलं होतं, ती शुद्ध थाप. खरं काय ते कागदावर लिहितो. फोनवर तू मधेच हसशील आणि माझं सांगायचं राहून जाईल.

वाचनालयाच्या पुस्तकांच्या यादीचा आपला प्रोग्रॅम. साठी उलटल्यावर व्हिडिओ बघून शिकलेला मी आणि रीतसर शिकलेली तू, दोघांनी मिळून रचलेला. त्याच्या जुन्या-नव्या सगळ्या आवृत्त्या नागपूरला तुझ्या खोलीतल्या छोट्या कॉम्प्युटर मशीनवर; मी इथून दुरुस्त्या पाठवायच्या. गेल्या महिन्यात मी तुझं दिवसभराचं काम पुसून ठेवलं आणि तू म्हणालीस, मामा, हात लावण्याआधी विचारत जा ना. बरोबरच होतं. पण आठवड्यानं दुरुस्ती पाठवायला गेलो, तर पडद्यावर इंग्रजीत उत्तर: जोडणी झाली नाही, तुम्हाला परवानगी आहे ना आणि ही जागा अस्तित्वात आहे ना, ते तपासा. तीनदा वाचलं. म्हटलं, झालं, पोरीनं मामाचं नाव काढून टाकलं. मामी म्हणाली, अहो, काहून फुगून राहिले? विचारा ना तिला! पण फुगलेल्या माणसाला विचारायचं सुचतं का? त्याच संध्याकाळी गुडघा दुखायला लागला.

परवा तुझी आई फोनवर सहज बोलून गेली, तीन आठवडे घरात रंगारी लागलेत, प्रणोतीचं मशीनसुद्धा बंद करून दिवाणाच्या पेटीत गाद्यांखाली ठेवलंय. मशीन गाद्यांखाली आणि मी इथे रुसून! मामी इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

आधी लाज वाटली, मग त्या वाक्याचाच राग आला. आपण दुरुस्त्या पाठवतो ते सॉफ्टवेअर बनवणारे कोणाचीही सूचना वाचतात, म्हणून भीत भीत लिहिलं: समोरून उत्तरच आलं नाही तर तेवढंच सांगा, परवानगीचा विषय काढू नका, समोरच्यानं नकार दिला तरच तसं म्हणा. तिथल्या एका बाईंनी विचारलं, दर वेळी कारण प्रोग्रॅमला कळतंच असं नाही, तेव्हा? मी कळवलं, तेव्हा ‘कारण कळलं नाही’ असं लिहा, बाई. त्यात कसली लाज? त्यांना पटलं. माझ्या दोन ओळी घेतल्या, बेटा! मामीनं शिरा केला.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. रुसव्याच्या भरात मी तुझ्या आईला सांगून टाकलं होतं, मंडपात मामा म्हणून धाकट्या स्वप्निलला उभं कर. तुला हात धरून बोहल्यावर आणायचं, मंगलाष्टकं संपेपर्यंत तुझ्या पाठीशी उभं राहायचं, हे तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून मी मनात धरलेलं. गाडीचं तिकीट काढलंय. ती जागा अजून माझी असेल तर कळव. स्वप्निलला दिली असशील तर तेही सरळ लिही. मी पंगतीत जिलब्या वाढीन, रुसणार नाही. फक्त मोघम काही लिहू नकोस. अंदाज बांधायला बसलो की मी काय करतो, ते तू आत्ताच वाचलंस.

रंग वाळायची वाट बघून राहिलेला,
तुझाच
नीलूमामा