गरम हातांची गोष्ट

माय,

आज १२ ऑक्टोबर. सकाळी निळी मशीद पाहिली, मग बोटीतून बोस्फोरसची चक्कर मारली. दुपारी ऑफिसच्या मैत्रिणी बाजारात गेल्या. मी एकटी इथला स्वयंपाक शिकवणाऱ्या एका बाईंच्या वर्गाला गेले. पैसे आधीच भरले होते, नाहीतर गेले नसते. इस्तंबूलला येऊनही मला कणकेची धास्तीच होती.

बाईंनी बोरेक शिकवला. कणकेचा मऊ गोळा तेलात भिजवायचा आणि कागदासारखा पातळ होईपर्यंत हातांनी ताणायचा, मग आत पालक-चीज भरून गुंडाळायचा. सगळ्यांचे गोळे फाटत होते. माझी पाळी आली तेव्हा मी काही विचार न करता तो दोन्ही हातांवर घेतला, कोपरापर्यंत, तू लांब पोळी घ्यायचीस तसा. कणीक उतरत गेली. कुठेच फाटली नाही. बाईंनी टाळ्या वाजवल्या आणि विचारलं, कोणी शिकवलं? मी म्हटलं, कोणीच नाही.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या उन्हाळ्यातलं आठवतं. मी नववी पास झाले होते. अड्याळला लग्न होतं आणि मांडवामागे चुलींवर उपडी मडकी मांडून तुम्ही पाचसहा बाया हातांवर ताणलेल्या लांब पोळ्या टाकत होतात. मी परातीत हात घातला. तू सगळ्यांदेखत माझा हात धरून बाहेर काढलास. "तुये हात गरम हायेत. कणीक फाटते. सरक तिकडं, पुस्तक घे." एक मावशी म्हणाली, "हिच्या हातची पोळी म्हंजे नवरदेवाचा फाटका रुमाल!" सगळ्या हसल्या. तूही हसलीस. त्यानंतर दर लग्नात मी वाढायला उभी राहिले, चुलीकडे गेले नाही. सासरी तर मीच आधी सांगून टाकलं, माझे हात गरम आहेत.

आज वर्गातून बाहेर पडल्यावर वहिनीला व्हिडिओ कॉल लावला, ताणलेल्या कणकेचा फोटो दाखवला. ती आपल्या वरठीच्या घरी भाजी निवडत बसली होती. फोटो पाहून म्हणाली, "येनारच ना ताई, मायचीच पोट्टी तुम्ही."

"पण माझे हात गरम आहेत ना?"

"अवो, ते तर मायनं उठवून देल्लं होतं! पोट्टीले येते असं एकदा गावाले समजलं का हरेक मांडवात बोलावतीन, नाही म्हनता येत नाही, माह्यावानी जिंदगीभर धुरात बसन, म्हने. साऱ्या बायांले माहीत होतं. तुम्हाले नव्हतं का?"

म्हणजे त्या मावशीलाही माहीत होतं. वहिनी मात्र तुझ्याजवळ बसून सगळं शिकली. तिला धूर चालत होता.

तुझा हेतू मला कळतो. मी शिकले, नोकरीला लागले, आज इथवर आले. पण शेवटच्या आजारपणात तू दोनदा लांब पोळी मागितलीस. वहिनी नुकतीच बाळंत झाली होती, बाळाची पाचवीही झालेली नव्हती, ती उठू शकत नव्हती. मी दवाखान्यात तुझ्या उशाशी बसून म्हटलं, "माय, मला येत नाही गं." तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "राहू दे बाई, खिचडी आन." तेव्हा तरी सांगायचं होतंस. एक मडकं, एक चूल, मी कुठूनही आणली असती. तू पोळीवाचून राहिलीस पण बोलली नाहीस, आणि तू गेल्यापासून अकरा वर्षं मी समजत आले की मला जमलं नसतं.

वहिनीला मी काय सांगितलं माहीत आहे? म्हटलं, "हो, मला माहीत होतं. मायनं सांगितलं होतं." तुझी गोष्ट मला तिच्याकडून कळली, हे तिला दाखवायचं नव्हतं.

वर्गात केलेला बोरेक डब्यात बांधून दिला होता, तो गार झालाय. मैत्रिणी अजून आल्या नाहीत. खिडकीशी उभी राहून खाते आहे. मीठ थोडं कमी पडलंय.