पातालपाणीच्या बुरशीच्या सात स्लाइड्स

मी, कुमारी बेबी कचरू तायडे, वय ७१, निवृत्त प्रयोगशाळा सहायक, राहणार परदेशीपुरा, इंदूर, पूर्ण शुद्धीवर आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोकं जागेवर आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

१. परदेशीपुऱ्याच्या दोन खोल्या आणि बँकेतली शिल्लक माझी भाची दीक्षा हिला द्यावी. तीच या मृत्युपत्राची अंमलबजावणी करील. महूचं घर वडिलांनी पलटणीतून निवृत्त झाल्यावर बांधलं. त्यातला माझा हिस्सा भाऊ बुद्धरत्न याला. त्यानं तिथला कडुलिंब तोडू नये. तोडलाच, तर लाकूड वर्षभर अंगणात पडू द्यावं. त्यावर काय उगवतं ते बघावं.

२. माझा मायक्रोस्कोप शमिकाला. ती माझी कुणी नाही. बुरशीवर संशोधन करते आणि मला मावशी म्हणते.

३. कपाटातली कागदी पाकिटं, एकूण एकोणीस, हीच माझी खरी मिळकत. त्यांत १९९६ साली पातालपाणीच्या जंगलात पडलेल्या सालईच्या फांदीवरची बुरशी आहे. छत्री नाही, देठ नाही; लाकडावर चुना फासल्यासारखा नुसता पातळ थर. कॉलेजातले आमचे विभागप्रमुख डॉ. गजानन शिरढोणकर यांनी ती एक जुनी, माहितीतली जात ठरवली. मला मायक्रोस्कोपखाली तिच्या पेशींच्या टोकांवर स्फटिकांच्या टोप्या दिसत होत्या. त्या जुन्या जातीत त्या नसतात.

सर म्हणाले, "बेबी, स्लाइड घाण आहे. धुऊन आण."

मी सात वेळा नवी स्लाइड केली. सातही वेळा तेच उत्तर. सरांनी प्रसिद्ध केलेल्या बुरशींच्या यादीत ती जुन्या नावानं छापली गेली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी सरांशी कामापुरतंच बोलले. लोकांना मात्र सांगत राहिले, की या माणसानं माझा शोध दाबला.

४. हे कलम वकील सोनलताई काढा म्हणतात. मी ठेवते. शमिका पहिल्यांदा पाकिटं मागायला आली तेव्हा मी तिला सांगितलं, उंदरांनी खाल्ली. तब्बल दोन वर्षं खोटं बोलले. ती आमच्याच कॉलेजातून आली होती, आणि त्या कॉलेजचं नाव पाहिलं की माझं डोकं फिरायचं. त्या पोरीचा काय दोष होता? मग एक दिवस तिच्यापुढे कपाट उघडलं. डीएनए तपासणीत ती बुरशी कुठल्याच ज्ञात जातीशी जुळली नाही.

रिपोर्ट घेऊन मी रामबागेत सरांच्या घरी गेले. भांडायलाच गेले होते.

"सर, वाचा."

"तूच वाच. बारीक अक्षर मला दिसत नाही."

मी वाचलं. त्यांनी कागद मागून घेतला आणि डाव्या डोळ्याशी धरला. मग म्हणाले, "स्लाइड स्वच्छ होती, बेबी. मलाच दिसत नव्हतं. काचबिंदूनं उजवा डोळा गेला होता आणि डाव्यालाही धूसर दिसायचं. विभागप्रमुखाला मायक्रोस्कोपमधलं दिसत नाही, हे कुणाला सांगणार होतो?"

"मला सांगायचं होतं, सर. मी बघून सांगितलं असतं."

"तेच तर कळलं नाही," ते म्हणाले.

सरांनी चूक केली, आणि ती मी पुसत नाही. पण मुद्दाम शोध दाबला म्हणून त्यांची जी बदनामी केली ती खोटी होती. ज्यांना मी ते सांगितलं, त्यांना दीक्षानं हे कलम वाचून दाखवावं.

५. पाकिटं शमिकानं सरकारी संग्रहालयात जमा करावीत. त्याशिवाय नव्या जातीला नाव मिळत नाही. जातीला माझं नाव देऊ नये अशी अट घालणार होते. खोडली. नाव मिळावं असं वाटतं, खोटं कशाला बोलू. लॅटिनमध्ये बेबी कसं दिसेल ते शमिकानं बघावं.

६. सरांना माझी शबनम पिशवी आणि जंगलातल्या नोंदवह्या द्यायच्या होत्या, आणि साक्षीदारही त्यांनाच करायचं होतं. सोनलताई म्हणाल्या, मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काही ठेवू नये, उद्या कुणी सहीवर शंका घेईल. दोन्हींपैकी एकच होईल. मी सरांना फोन करून विचारलं, काय हवं?

सर म्हणाले, "सही करू दे. या वेळी तू जे लिहिलंस, ते मी पाहिलं असं मला लिहून द्यायचं आहे."

म्हणून सरांना मी काहीही ठेवत नाही.

सही: बेबी कचरू तायडे

आम्हा दोघांसमोर बेबीताईंनी सही केली आणि त्यांच्यासमोर आम्ही केली.

साक्षीदार १: डॉ. गजानन शिरढोणकर, रामबाग. (डाव्या डोळ्यानं, जवळून आणि नीट पाहिलं.)
साक्षीदार २: यतीन पागे, शेजारी

इंदूर, ९ फेब्रुवारी २०२५